वेणूकाकींचं लिनक्स

पावणे गावात लग्न निघालं की मांडवात एक लॅपटॉप येतो. जुना, जाडजूड, एका बिजागरीला चिकटपट्टी लावलेला आणि झाकणावर हळदीचे डाग पडलेला. ज्या घरी लग्न असेल त्या घरची माणसं तो जुन्या लुगड्यात गुंडाळून घेऊन जातात आणि काम झालं की जागच्या जागी आणून ठेवतात. त्या लॅपटॉपमध्ये लिनक्स आहे. ते मी घातलं. माझ्या हातून झालेला लिनक्सचा प्रसार तिथे सुरू होतो आणि तिथेच संपतो.

मी महाप्याच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर जिच्या जिवावर चालतो ती मूळ यंत्रणा. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, फुकट मिळणारी आणि कोणीही उघडून बदलावी अशी. खरं तर एवढं सांगितलं की पुरतं. पण हेच सांगायला मी जेवणाची ताटं वाढून थंड होईपर्यंत वेळ घेतो, असं माझी बायको वैशाली म्हणते. ज्याचा कॉम्प्युटर जरा हळू चालतो त्याला मी गाठतो. माझ्या मेव्हण्याच्या लॅपटॉपमध्ये मी लिनक्स घातलं, त्याने तिसऱ्या दिवशी ते काढलं आणि मला सांगितलंही नाही. ऑफिसातल्या एका मित्राकडे घातलं, त्यानंतर त्याचा प्रिंटर कधी चालला नाही, आणि आता तो मला कँटीनमध्ये बघून न बघितल्यासारखं करतो. वैशालीच्या लॅपटॉपला हात लावायचा नाही, हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरलं. अशा माणसाला आयुष्यात एकच शिष्या मिळाली, आणि ती सत्तरीची.

वेणूकाकी आमच्या घरमालकीण होत्या. सानपाड्याला स्वतःचं घर घेण्याआधी आम्ही पावणे गावात त्यांच्या तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. काकी खाली राहायच्या आणि दिवसभर ओट्यावर बसायच्या. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि एक हात तुटलेली प्लास्टिकची खुर्ची. तो तुटलेला हात त्यांनी टाकून दिला नव्हता. मांजराला हाकलायला जवळ ठेवला होता. जाणाऱ्या-येणाऱ्याची विचारपूस तिथूनच व्हायची. भाडेकरूंना त्या नावाने ओळखत नसत, फोडणीवरून ओळखत. आम्ही मूळचे कराडकडचे, म्हणून आम्ही खोबरं-लसूणवाले. आमच्या समोरचे सांबारवाले. मला मात्र त्यांनी वेगळं नाव दिलं होतं, इंजिनेर. ते आदराने होतं असा माझा बरेच दिवस समज होता. पुढे कळलं की पाण्याची मोटर बिघडल्यावर पहिल्याच महिन्यात मी ती दुरुस्त करायला गेलो होतो आणि त्यानंतर नवी मोटर आणावी लागली होती, त्यावरून ते नाव पडलं होतं.

पत्ता सांगायची त्यांची एक पद्धत होती. गावाभोवती सगळे कारखाने. त्या कारखान्यांची नावं त्यांना माहीत होती, पण त्या ती घेत नसत. रिक्षावाल्याला सांगायच्या, "आमचे भाताचे शेतावरना डावीकडं घे." तिथे आता एक बॉयलर होता. रिक्षावाला बिचारा शेत शोधत पुढे जायचा आणि मग काकी त्याला मागे आणायच्या. यात तक्रार नव्हती, रडगाणं नव्हतं. त्यांच्या लेखी शेत तिथेच होतं, त्याच्यावर कोणी काय ठेवलंय हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आणि काकी धवलारीण होत्या. आगरी लग्नात भटजी येतात ते नंतर. त्याआधी देवांना आवतण देण्यापासून हळद लावण्यापर्यंत एकेक विधी धवलारीण गाऊन पार पाडते, त्या गाण्याला धवला म्हणतात. पावण्यातल्या दोन पिढ्यांना काकींनी गाऊन बोहल्यावर चढवलं होतं. मी त्यांचं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. खाली शेजारच्या मांडवात त्या गात होत्या. उंच, सरळ, जरा नाकातला आवाज, माइक नसताना गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. मी ओला टॉवेल हातात घेऊन तसाच उभा राहिलो होतो.

मग त्यांचा घसा गेला. डॉक्टरने तपासून सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत, बोलायचं तेही कमी, गाणं बंद. काकींनी डॉक्टरला विचारलं, कुठवर बंद. डॉक्टर म्हणाला, आता बंदच. पण त्यांच्या नातीचं, मयुरीचं, लग्न वैशाखात ठरलेलं होतं. मुलगा आणि सून कामावर जायचे, त्यामुळे मयुरी आजीच्याच मांडीवर वाढलेली. गावातल्या सगळ्या पोरींच्या हळदीला गायलेली बाई स्वतःच्या नातीच्या हळदीला मुकी बसणार, ही गोष्ट त्यांना सोसवत नव्हती. शेजारच्या गावच्या धवलारणीला बोलवू, असं सुनेने सुचवलं. काकी म्हणाल्या, ती ओळी खाते. विषय संपला.

मयुरीने तोड काढली की आजीने आपल्याच आवाजात आता थोडं थोडं गावं, ती फोनवर भरून घेईल आणि हळदीला लावेल. तसा प्रयत्न झालाही. पण दोन ओळींनंतर काकींना खोकल्याची उबळ यायची. भरलेल्यात गाणं कमी आणि खोकला जास्त. खोकला कापून काढायला हवा होता, तुकडे जोडायला हवे होते. मयुरी कोपरखैरण्याला एका लॅबमध्ये नोकरीला, तिला सवड नव्हती. तिचा कॉलेजातला जुना लॅपटॉप मात्र घरात होता. उंदरांनी वायर कुरतडू नये म्हणून काकींनी तो तांदळाच्या पिंपात ठेवला होता.

तो सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात काकींचं वाटण होऊन जायचं. हे मयुरीने सहज जिन्यात मला सांगितलं. हळू चालणारा कॉम्प्युटर, असं कोणी म्हटलं की माझ्या अंगात वारं शिरतं. मी त्याच संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन खाली उतरलो. वैशालीने वरून विचारलं, हे सगळं मोबाइलवर होत नाही का. होत होतं. पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

मी काकींच्या पुढ्यात मांडी घालून बसलो आणि नेहमीचं व्याख्यान सुरू केलं. स्वातंत्र्य, जगभरचे लोक, कोणाची मालकी नाही, सगळ्यांचं आणि फुकट. काकींनी निवडायला घेतलेले तांदूळ निवडून झाले. मग बसक्या आवाजात म्हणाल्या, "फुकटची खोली कोन देतं का? देत असंल तर ती गलत असंल."

मी म्हटलं, गळत नाही, उलट फार सुरक्षित आहे. त्यांनी मान हलवली. तीन मजले भाड्याने देणाऱ्या बाईला फुकट या शब्दाबद्दल जो संशय असतो तो माझ्या व्याख्यानाने जाणार नव्हता. तरी त्यांनी लॅपटॉप माझ्या स्वाधीन केला, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो तसाही मेलेलाच होता आणि मेलेल्या जनावरावर इंजिनेरला हात साफ करू द्यायला हरकत नाही.

लिनक्स चढलं आणि लॅपटॉप खरोखरच झटकन उघडायला लागला. पडद्यावर सुरुवातीला एक पेंग्विन यायचा. काकींनी चष्मा लावून त्याला निरखलं आणि विचारलं हा कुठला पक्षी, आपल्या खाडीत कधी बघितला नाही. मी सांगितलं, बर्फातला. त्यांनी विचारलं, खातात का. मी नाही म्हटलं, मग त्यांचा त्याच्यातला रस संपला.

काकी चौथी शिकलेल्या. मराठी वाचायच्या, सावकाश, बोट ठेवून. म्हणून मी सगळं मराठीत लावून दिलं आणि तिथे माझी पहिली फजिती झाली. लिनक्सचं हे मराठी कोणा भल्या माणसांनी फुकट वेळ देऊन केलं आहे, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण त्यातले निम्मे शब्द मला कळेनात. काकी एकेक शब्द वाचून अर्थ विचारायच्या आणि मी तो गुपचूप फोनवर इंग्रजीत शोधायचो. त्यांच्या ते लक्षात आलं. "तुना पन नाय येत?" असं त्यांनी विचारलं, आणि त्यात कुठेही टोमणा नव्हता, उलट सोबत मिळाल्याचा आनंद होता.

पुढचा प्रसंग कचरापेटीचा. पडद्यावर मागे त्यांनी गावदेवीचा फोटो लावून घेतला होता. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर ओट्यावर लॅपटॉप उघडा आणि काकी त्याच्याकडे पाठ करून बसलेल्या. झालं असं होतं की देवीच्या बरोबर पायाशी एक डबा होता आणि त्याखाली स्वच्छ मराठीत कचरापेटी असं लिहिलेलं होतं. देवीच्या पायाशी कचऱ्याचा डबा ठेवणारं हे कुठलं घर, असा त्यांचा सवाल होता. मी म्हटलं, लगेच लपवतो. ते दोन ठिकाणी क्लिक करून लपवता येतं. पण मला वाटलं, ही चांगली संधी आहे, यांना काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायला शिकवू. मी काळा पडदा उघडला, आज्ञा लिहिल्या, चुकवल्या, परत लिहिल्या. कचरापेटी गेली आणि तिच्याबरोबर देवीही गेली. तो रविवार मी देवी परत आणण्यात घालवला. काकी मधूनमधून येऊन बघून जायच्या.

पासवर्डचं तर सांगायलाच नको. लिनक्स कुठलंही मोठं काम करण्याआधी पासवर्ड मागतं. काकींना याचा राग. घर त्यांचं, मशीन त्यांचं, आणि त्यांनाच विचारतंय, तू कोण. शेवटी त्यांनी पासवर्ड म्हणून आपल्या शेताचा सर्व्हे नंबर दिला, जिथे आता बॉयलर आहे त्या शेताचा. तो विसरायचा प्रश्नच नव्हता. मी त्यांना बजावलं की हा नंबर कोणाला सांगायचा नाही. दुसऱ्या दिवशी मी जिना उतरत होतो तर दूधवाला मला म्हणाला, काकींचा पासवर्ड शेताचा नंबर आहे ना. त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितला होता. मी चिडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "जमिनीचा नंबर लपवाचा नसतो. चार मान्सांना म्हाईत असला मंजी कोन नाकारत नाय." मी ऑफिसात सुरक्षेवर नवीन पोरांचा तास घेतो. त्या तासाला हे वाक्य सांगायची मला कधी हिंमत झाली नाही.

गाणं भरायचं काम मात्र या गमतीजमतींसारखं हलकं नव्हतं. गल्लीमागच्या वर्कशॉपात दिवसभर पत्रा ठोकायचं मशीन चालायचं, त्यामुळे कारखान्यांच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशीच भरायला मिळायचं. त्या दिवशी मी घरून काम करतो असं ऑफिसात सांगायचो. काकी आंघोळ करून, नवं लुगडं नेसून मशीनपुढे बसायच्या. देवांना आवतण द्यायचं तर असंतसं बसून चालत नाही. दोन ओळी गायच्या, मग खोकला, मग कोमट पाणी, मग बराच वेळ डोळे मिटून बसणं, मग पुढच्या दोन ओळी. तो जुना आवाज आता नव्हता. कडेने फाटला होता. पण सूर जिथे ठेवायचा तिथेच पडत होता. मला त्यांना थांबवावंसं वाटायचं आणि थांबवायचा धीर व्हायचा नाही. डॉक्टरने बजावलेलं सगळ्या घराला माहीत होतं, आणि लग्न जवळ येतंय हेही.

कापायचं काम त्या स्वतः शिकल्या. आवाज पडद्यावर रेघेसारखा दिसतो, वरखाली होणारा. काकींनी थोड्याच दिवसांत खोकल्याची रेघ ओळखायला सुरुवात केली. गाण्याची रेघ हळूहळू चढते, खोकला एकदम उभा राहतो. त्या माउस सरकवत खोकला निवडायच्या आणि बोट दाबून तो उडवायच्या, आणि दर वेळी मांजराला हाकलल्यासारखा हात झटकायच्या. कधी कधी चुकून गाणंही उडायचं, मग माझ्या नावाने वरपर्यंत हाक यायची. एक आवाज मात्र त्यांनी कापू दिला नाही. एकविरा आईचं नाव घेत असताना नेमकी वरून आमच्या कुकरची शिट्टी झाली होती. ती शिट्टी आणि देवीचं नाव एकमेकांत गुंतलं होतं. काकींनी खूप विचार केला आणि निकाल दिला की देवीच्या नावातून सुरी चालवायची नाही, शिट्टी राहू दे. वैशालीला हे कळल्यापासून ती त्या दिवशी डाळ शिजवायलाच घाबरायला लागली.

लग्नाला महिनाभर उरलेला असताना सगळं भरून झालं. जोडूनही झालं. आणि इथे मी पुढे सरसावलो. मला त्यात मध्येमध्ये रिकाम्या जागा दिसल्या. ओळ चालली आहे, मध्येच काही नाही, मग पुन्हा ओळ. मला वाटलं, दम घ्यायला थांबल्या असतील, किंवा कापताना राहून गेलं असेल. एकेक जागा हाताने काढण्यात काय अर्थ. मी लॅपटॉपच वर नेला, काळा पडदा उघडला आणि एका ओळीची आज्ञा दिली की जिथे जिथे शांतता आहे ती काढून टाक. एका क्षणात झालं. मूळ फाइलवरच झालं. बॅकअप घ्या, बॅकअप घ्या, असं मी वर्षानुवर्षं लोकांना ओरडून सांगत आलो आहे. मी घेतला नव्हता. उलट शीळ घालत खाली गेलो आणि काकींना म्हटलं, ऐका आता, कसं सलग झालंय.

त्यांनी ऐकलं. पहिल्याच गाण्यात त्यांचा चेहरा बदलला. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरीला कुठं टाकलंस?"

मला कळेना, कुठली पोर. मी म्हटलं, मयुरी लॅबमध्ये गेलीये ना. तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं, थांबत थांबत, कारण घसा साथ देत नव्हता. धवल्यात नवरीचं नाव येतं. आवतण कोणाच्या लग्नाचं, हळद कोणाला, हे देवांना कळायला हवं. त्या नावाच्या जागा त्यांनी मुद्दाम मोकळ्या सोडल्या होत्या. मी विचारलं, मग मयुरीचं नाव भरूनच का नाही टाकलं. त्या म्हणाल्या, "देव माजा आवाज वलखतान. मशिनीतून बोलावले तरी येतील. पन पोरीचं नाव जित्या तोंडानं घ्याचं. आज मयुरी हाय, उद्या दुसऱ्याची पोर असंल, तवा मी नसंन. सगल्या पोरींनी काय मयुरी हून लगीन लावाचं?"

तोवर मला वाटत होतं की हे सगळं एका लग्नासाठी चाललं आहे. काकी गावातल्या पुढच्या सगळ्या पोरींसाठी गाऊन ठेवत होत्या, आणि मी एका फटक्यात त्या पोरींना पुसून मोकळा झालो होतो. मला इतकी शरम वाटली की मी माफी मागायचंही विसरलो. दुसऱ्या दिवशी आमच्या नळाला पाणी आलं नाही. समोरच्या सांबारवाल्यांना आलं. वैशालीने कारण विचारलं, मी सांगितलं, आणि तीही काकींच्या पक्षात गेली. बादल्या मी खालून वर नेल्या.

परत गाणं शक्य नव्हतं, घसा पार बसला होता. उपाय एकच, त्या जागा पुन्हा तयार करायच्या. संध्याकाळी मी खाली जाऊन तसं म्हटलं. काकींनी खुर्ची सरकवून मला बसायला जागा केली. मग आम्ही एकेक ओळ ऐकत गेलो. जागा आली की त्या बोट वर करायच्या, मी तिथे शांतता घालायचो. किती घालायची, हा प्रश्न आला. मयुरी हे छोटं नाव. काकी म्हणाल्या, गल्लीत ज्ञानेश्वरी आहे. ती तेव्हा अंगणवाडीत जात होती, नाक पुसायचीही तिला अक्कल नव्हती. पण नाव लांब. जागा तिच्या मापाची धरायची ठरली. काकी ओठातल्या ओठात ज्ञानेश्वरी म्हणायच्या, म्हणून झालं की मान हलवायच्या, आणि मी तेवढी शांतता भरायचो. मी आयुष्यात पुष्कळ फायली दुरुस्त केल्या आहेत. काही नसलेलं काळजीपूर्वक भरायचं काम तेवढं एकदाच केलं. ते पुरं झालं तेव्हा त्यांनी सुनेला हाक मारून आमच्या नळाचा कॉक उघडायला सांगितला. यावेळी मात्र मी पेनड्राइव्हवर एक प्रत काढली, मयुरीच्या फोनवर दुसरी, माझ्याकडे तिसरी.

मांडवाच्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून, खांद्यावर वायरी टाकून हजर झालो. आज मशीन आपणच चालवायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. काकींनी माझ्याकडून वायर घेतली, स्पीकरवाल्याला दिली, आणि मला आपल्या बाजूला जमिनीवर बसायची खूण केली. लॅपटॉप पाटावर ठेवलेला, झाकणाला कुंकू लावलेलं. समोर मयुरी हळदीच्या पाटावर बसली होती. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. काकींनी सर्व्हे नंबर टाकला, मोठ्याने म्हणत टाकला, आणि बटण दाबलं.

त्यांचा आवाज मांडवभर झाला. कडेने फाटलेला, पण त्यांचाच. बायका मागून ओळी झेलायला लागल्या. गणपती झाला, गावदेवी झाली. एकविरेच्या नावात आमचा कुकर वाजला, आणि मांडवातली प्रत्येक बाई वळून वैशालीकडे बघायला लागली. काकींनी हसू पदरात दाबलं.

मग पहिली मोकळी जागा आली. ज्ञानेश्वरीच्या मापाची, म्हणून लांब. स्पीकर गप्प, मांडव गप्प. आणि मी, ज्याने ती जागा स्वतःच्या हाताने भरली होती, तो मी दचकलो की मशीन अडकलं. मी पुढे झुकून बटणाकडे हात नेला. काकींनी माझं मनगट पकडलं. पकडलं ते सोडलं नाही. आणि त्या शांततेत त्यांनी नाव घेतलं. "मयुरी." बसका, खरखरीत, पहिल्या दोन रांगांच्या पलीकडे न गेलेला आवाज. मयुरीने हळदीचं तोंड वर करून आजीकडे बघितलं. लगेच स्पीकरमधून काकींची पुढची ओळ आली आणि बायकांनी ती उचलली.

असं प्रत्येक जागेला झालं. दर वेळी नाव थोडं बारीक होत गेलं. माझं मनगट त्यांच्या हातात होतं, त्यामुळे प्रत्येक नावाला त्यांना किती जोर लागतोय ते मला कळत होतं. मला रडायला येत होतं आणि शेजारी बायका असल्याने मी स्पीकरच्या वायरीकडे बघत होतो.

काकी त्याच्या दुसऱ्या वर्षी गेल्या. आम्ही तोवर सानपाड्याला राहायला गेलो होतो, मला उशिरा कळलं. पण काकी म्हटलं की मला त्या ओट्यावर बसलेल्या आठवत नाहीत. त्या मांडवातलीच ती शेवटची जागा आठवते.

हळद लावून होत आली होती. शेवटचं गाणं आलं, शेवटची जागा उघडली, आणि काकींनी नाव घ्यायला तोंड उघडलं तर आवाजच निघाला नाही. ओठ हलले, फक्त हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग माझं मनगट खसकन ओढलं आणि माझ्याकडे बघितलं. लिनक्सवर विचाराल तेवढं बोलणारा मी, मला तीन अक्षरं आठवेनात. ज्ञानेश्वरीची सगळी जागा सरत आली तेव्हा मी ओरडलो, "मयुरी", केवढ्यांदा तरी, आणि नेमका तेव्हाच स्पीकरमधला काकींचा आवाज पुढच्या ओळीला सुरू झाला. दोन्ही एकमेकांवर आदळले. मांडवात हसू फुटलं. मयुरी हसता हसता डोळे पुसत होती आणि हळद डोळ्यांत जात होती.

गाणं संपलं. काकींनी हळदीने भरलेल्या हाताने लॅपटॉपचं झाकण लावलं, त्यावर चार बोटं उमटली. मग माझं मनगट सोडून, जेवढा आवाज उरला होता तेवढ्यात म्हणाल्या, "उशीर केलास. पन जिता हायस."